खाडीचा काठ कुणाच्या वाट्याला?

20 मार्च 1927. बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच साली मुंबईचा कचरा देवनारला, ठाणे खाडीच्या काठावर पडू लागला. साल जुळले हा योगायोग. पण कचऱ्यासाठी खाडीकाठच निवडला जाणे आणि पुढे शहराला नकोशी झालेली माणसेही त्याच बाजूला ढकलली जाणे, हा योगायोग आम्ही मानत नाही. गावात गावकूस होते, मुंबईत खाडी आहे.

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पूर्वेला तिवरांची रांग, चिखल आणि मिठागरे आहेत. कोळी आणि आगरी या पाण्यावर जगले. बिल्डरला मात्र ही ‘मोकळी जमीन’ दिसते. ती मोकळी कधीच नव्हती. भरतीचे पाणी पसरायला तिथे जागा असते, तिवरांची मुळे गाळ धरून ठेवतात. ही जागा भराव टाकून बंद केली, तर भर पावसात भरती आल्यावर नाल्याचे पाणी मागे फिरते आणि आधी सखल वस्तीत शिरते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हे मुंबईने भोगले. टॉवरचा पहिला मजला आणि झोपडीचा उंबरा यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको.

2015 मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये रामसर यादीत आला. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने खारफुटीची तोड हा कलम 21 चा भंग ठरवला. म्हणजे जगण्याच्या हक्काचा. आपल्या संविधानाचीच भाषा ही. पण 2017 च्या पाणथळ नियमांतून मिठागरे वगळलेली आहेत! माणसाने बांधली म्हणून. भरतीला हा फरक कळतो का?

मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेने किमान 39 फ्लेमिंगो मेले, तेव्हा सगळे हळहळले. हळहळावेच. 1997 मध्ये याच घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात दहा माणसे मेली, तेव्हा हळहळणारे किती होते, तेही आठवावे.

2024 मध्येच कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडची सुमारे 256 एकर मिठागरे धारावीच्या पुनर्वसनासाठी देण्याचे ठरले. गरिबांना घर की खाडीला जागा, असा पेच आपल्यापुढे टाकला जातो. आम्ही विचारतो: धारावीची मोक्याची जमीन कुणाला, आणि मिठागराची दलदल कुणाला?