तोलणे आणि बांधणे : ‘एसे’ या शब्दाचा प्रवास

‘एसे’ या इंग्रजी शब्दासाठी आपण ‘निबंध’ हा प्रतिशब्द इतक्या सहजतेने वापरतो की, या दोन शब्दांच्या मुळाशी दोन भिन्न कल्पना आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही.

‘एसे’चे मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणे. या दोहोंपासून ‘एक्सिगेरे’ हे क्रियापद झाले. वसूल करणे, तसेच तोलून पाहणे हे त्याचे अर्थ. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘एक्सागियुम’, म्हणजे वजन करणे, हे नाम आले. रोमन साम्राज्यातील ‘सॉलिडस’ हे सुवर्णनाणे पुरेशा वजनाचे आहे की नाही, हे पाहण्याची प्रमाणित वजनेही याच नावाने ओळखली जात. फ्रेंचमध्ये या शब्दाचे ‘एसे’ असे रूप होऊन पारख, चाचणी, प्रयत्न असे अर्थ त्याला लाभले. फ्रेंचमधून इंग्रजीत आधी आलेला ‘अ‍ॅसे’ हा याचाच जुळा शब्द. धातूचा कस पाहणे हा त्याचा अर्थ आजही टिकून आहे.

मिशेल द मोंतेन्य याने १५८० साली आपल्या ग्रंथाला हेच नाव अनेकवचनात दिले. आपले लेखन म्हणजे निर्णय नव्हेत, तर आपल्याच मतांच्या चाचण्या होत, असा त्याचा भाव. त्याने स्वतःसाठी तराजू कोरलेले पदकही करवून घेतले होते. १५९७ साली फ्रान्सिस बेकनने आपल्या दहा लघुलेखांच्या संग्रहाला हे नाव दिले आणि इंग्रजीत तो एक साहित्यप्रकार ठरला.

आपला ‘निबंध’ मात्र ‘बन्ध्’ धातूपासून आलेला. संस्कृतात धर्मशास्त्रावरील विखुरलेली वचने एकत्र बांधणाऱ्या ग्रंथांना निबंध म्हणत. तेराव्या शतकातील हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा या जुन्या शब्दात नवा आशय भरला जात होता.

वर्गात आपण शिकवतो ते बहुधा बांधणेच : प्रस्तावना, मुद्दे, समारोप. ‘एक्झाम’ या शब्दामागील लॅटिन ‘एक्सामेन’ही ‘एक्सिगेरे’पासूनच आला असून, तराजूचा काटा हा त्याचा एक अर्थ आहे. म्हणजे परीक्षेतील निबंधात तोलण्याची कल्पना दोनदा येते. तरीही विद्यार्थ्याने स्वतः काही तोलून पाहिले आहे का, हा प्रश्न गुण देताना क्वचितच विचारला जातो. बांधणी आवश्यक आहेच; पण न तोललेले विचार नीट बांधले, म्हणून त्यांचे वजन वाढत नाही.