तांब्यावरचं फुलपात्र

निमित्त झोपेचं आहे, म्हणजे न येणाऱ्या.

१० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास आमच्या नांदेडला जमीन हलली. केंद्र शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, तीव्रता ४.५. माझा चहा सांडला, बाकी काही नाही. पण त्या रात्री झोप लागली नाही, आणि पुढे महिनाभर तेच. आडवं झालं की कान टवकारलेले. फ्रिज घुरघुरला तरी दचकायचं, मग मोबाईल उघडून भूकंपाच्या बातम्या वाचायच्या आणि तीन वाजवायचे. बायको म्हणाली, "चाळिशी उलटलेल्या माणसाला आता अंगाई म्हणू का?"

तेव्हा लातूरची मावशी आठवली. आणि मावशी आठवली म्हणजे त्र्याण्णव आलंच.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपली, आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा परिसर हादरला. तीव्रता ६.२ च्या आसपास. कोयनेचा भूकंपही (११ डिसेंबर १९६७) असाच पहाटेचा. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली बावन्न गावं पार उद्ध्वस्त झाली. सरकारी आकडा आठ हजारांच्या आत-बाहेर, इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात.

माणसं मेली ती घरांमुळे. मातीत रचलेल्या दोन-तीन फुटी दगडी भिंती, वर लाकडाचं माळवद आणि त्यावर मातीचा थर. गळू नये म्हणून वरचेवर माती चढवायची, म्हणजे छप्पर दरवर्षी जड होत जायचं. ज्यांनी अशा घरात दिवस काढलेत त्यांना विचारा, त्याच्यासारखी झोप कुठे नाही. उन्हाळ्यात आत गार, थंडीत ऊब, बाहेरचा आवाज नाही. फार उकडलं तर अंथरूण घेऊन माळवदावर. सप्टेंबरअखेर मात्र पावसापाण्याचे दिवस, सगळे आत. जिथे सगळ्यात निर्धास्त झोप लागायची तेच अंगावर आलं.

मग लोक छपराखाली झोपेनात. भग्न गावांतच नाही, लातूर शहरातही. मैदानात, अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन सुरू झालं, पक्की भूकंपरोधक घरं मिळाली, तरी कित्येकांनी त्या घरासमोर पत्रे ठोकले आणि झोपायला तिथेच गेले. पाहुणे हसायचे. हसण्यासारखं काही नव्हतं. इंजिनिअरनं भिंतीची खात्री दिली होती, पण पहाटे चार वाजता इंजिनिअर उशाशी नसतो.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी मावशीकडे होतो, अकरा वर्षांचा. धक्के अधूनमधून चालूच. अंगणात ताडपत्रीखाली आम्ही नऊ जण. रात्री जेवणं झाली की मावशीचा क्रम ठरलेला. चूल विझवायची, सगळ्यांच्या चपला पायथ्याशी ओळीनं लावायच्या, कंदील बारीक करायचा. मग तांब्या भरून त्यावर पितळी फुलपात्र असं तिरकं टेकवायचं की जराही हललं तर खणकन पडावं. आणि म्हणायचं, "झोपा आता. राखण बसली."

त्या खणखणाटानं किती सेकंद मिळाले असते कोण जाणे! फार तर दोन-तीन. पण मावशी ते ठेवून पाच मिनिटांत घोरायची. जागं राहण्याचं काम तिनं फुलपात्राला देऊन टाकलेलं असायचं.

पुढे हेच अंथरूण अंगणातून ओसरीत आलं, तेही दाराकडे पाय करून, आणि १९९५ च्या पावसाळ्यात आत. कुणी सांगितलं नव्हतं, पण तिनं घाई केली नाही. मी हल्ली वाचलं की रिचर्ड बूटझिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये निद्रानाशावर एक पद्धत मांडली: अंथरुणावर जागं पडून राहिलात की अंथरूणच जागरणाची खूण बनतं. म्हणून झोप आली तरच पडायचं, नाही आली तर उठून दुसरीकडे बसायचं, आणि सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच. आजही डॉक्टर हे सांगतात. मावशीनं छपराशी असंच काहीतरी केलं, पुस्तकाविना.

तसं बघितलं तर आम्हा नांदेडकरांना हे नवीन नाही. गुरुद्वाऱ्यात रात्री सोहिल्याचा पाठ होतो आणि ग्रंथसाहिबला वस्त्रात गुंडाळून सुखासनाला नेतात. पंढरपूरला शेजारती असते. देवाला रोज रीतसर निजवणारी माणसं आपण, स्वतःला मात्र टीव्हीसमोर टाकून देतो. असो.

तर माझा क्रम आता असा. दहाला मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला. गॅस बघायचा, कडी बघायची, चपला पलंगाशी. वीस मिनिटांत झोप नाही आली तर उठून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, जुना दिवाळी अंक घेऊन. पहिला आठवडा वाईट गेला, दिवसा ऑफिसात पेंगलो. तिसऱ्या आठवड्यात फरक पडला. अजूनही महिन्यातून एखादी रात्र वाया जातेच.

आणि हो, उशाशी तांब्या आहे. मावशी आता नाही, फुलपात्र तिचंच, मावसभावानं दिलं. मागच्या महिन्यात रात्री अडीचला ते खणकन पडलं. मी ताडकन उठून लेकीला उचललं, बायको दारापर्यंत पोचली, आणि मग पलंगाखालून मांजर बाहेर आलं.

पुन्हा ठेवलं, तिरकं. झोप लागली.