ब्रह्मचारी (चित्रपट)

'ब्रह्मचारी' हा १९३८ साली प्रदर्शित झालेला विनोदी प्रेमपट होय. हंस पिक्चर्स या संस्थेने तो मराठी व हिंदी अशा दोन भाषांत काढला. कथा प्रल्हाद केशव अत्रे यांची, दिग्दर्शन मास्टर विनायक यांचे, छायालेखन पांडुरंग नाईक यांचे आणि संगीत दादा चांदेकर यांचे होते. नायकाची भूमिका विनायक यांनीच केली. नायिका मीनाक्षी शिरोडकर यांचा हा पहिलाच चित्रपट होता.

कथानक

औदुंबर हा सामान्य तरुण देशभक्त जटाशंकरांचे ब्रह्मचर्य व राष्ट्रसेवा यांवरील व्याख्यान ऐकून भारावून जातो. सिनेतारकांची जमविलेली चित्रे तो फेकून देतो आणि आचार्य चंडीराम (दामूअण्णा मालवणकर) यांच्या संस्थेत दाखल होतो. पुढे किशोरीशी गाठ पडताच त्याचा निश्चय डळमळू लागतो.

मतमतांतरे

चित्रपट लोकप्रिय झाला, पण त्याविषयी एकमत मात्र झाले नाही. वादाचे मुख्य कारण 'यमुनाजळी खेळू खेळ' हे गीत. त्यात मीनाक्षी पोहण्याच्या पोशाखात दिसतात. सनातनी मंडळींना हे अश्लील वाटले. नव्या विचारांच्या प्रेक्षकांना तो धीटपणा भावला. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवीत होते व अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटलेही झाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळचे वातावरण कळते. दुसरीकडे महात्मा गांधींच्या विचारामुळे ब्रह्मचर्याला राष्ट्रकार्यात मानाचे स्थान लाभले होते.

पोशाखाच्या चर्चेत एक गोष्ट सहसा निसटते. गौळणींच्या परंपरेत यमुनेकाठी खोड्या काढणारा कृष्ण असतो आणि संकोचतात त्या गोपी. येथे बोलावते ती स्त्री आणि लाजतो तो पुरुष. परिचित संकेताची ही उलटापालट पोशाखाइतकीच खटकणारी होती, असे म्हणण्यास जागा आहे. शिवाय हा प्रसंग केवळ शोभेचा नाही. औदुंबराच्या व्रताची कसोटी तेथेच लागते. गीत वगळल्यास कथेचा कणाच मोडेल.

विडंबनाच्या रोखाविषयीही दोन मते संभवतात. अत्रे ब्रह्मचर्याची टिंगल करतात, हा आक्षेप वरवरचा आहे. त्यांचा रोख व्याख्यानाच्या भरात घेतलेल्या आणि इतरांवर लादलेल्या व्रतावर आहे. जटाशंकर, चंडीराम ही नावेच ते सांगतात. मात्र अशा अर्कचित्रांमुळे प्रतिपक्ष फार सहज पराभूत होतो. प्रामाणिकपणे एकटे राहू इच्छिणारा माणूस या कथेत कोठेच भेटत नाही, आणि स्त्रीने अविवाहित राहण्याचा प्रश्न तर तिच्या कक्षेबाहेरच राहतो. किशोरी धीट आहे खरी; पण तिचा सारा धीटपणा नायकाला जिंकण्यात खर्ची पडतो.

नंतरचा काळ

अत्रे-विनायक जोडीने पुढच्याच वर्षी 'ब्रँडीची बाटली' हा आणखी एक विडंबनपट दिला. त्यात प्रमुख भूमिका मालवणकरांकडे आली. 'ब्रह्मचारी'ची कथा पुढे रंगभूमीवरही आली व प्रशांत दामले आणि वर्षा उसगावकर यांच्या भूमिकांमुळे नव्या पिढीला परिचित झाली.