आधी एकत्र, मग वेगवेगळे

बँड पहिल्यांदा रेकॉर्डिंगला आला की चहा यायच्या आत एक प्रश्न हमखास येतो: "सगळ्यांनी एकत्र वाजवायचं की एकेकानं?"

मी सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत बॅकएंडचा कोड लिहितो. शनिवार-रविवारी कर्वेनगरमधल्या एका भाड्याच्या खोलीत मित्राबरोबर बँड रेकॉर्ड करतो. बँड म्हणजे बहुतेक कॉलेजमधून नुकती बाहेर पडलेली, नोकरी सांभाळून वाजवणारी पोरं. कंपनी नाही, मॅनेजर नाही. तासाचे पैसे चौघांत वाटून जीपेवर येतात. त्यांना हा प्रश्न सोयीचा वाटतो, मलाही आधी तसाच वाटायचा. पण त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा आपल्या पुण्यात घडलाय.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग ग्रामोफोन कंपनीची यंत्रं घेऊन कलकत्त्याला आला, तेव्हा माइक नावाची वस्तू रेकॉर्डिंगमध्ये नव्हती. होता एक भोंगा. त्यात तोंड घालून गायचं. आवाजाच्या जोरावर सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. आवाज कमी-जास्त करायचं बटण नाही, त्यामुळे मिक्सिंग म्हणजे माणसं मागे-पुढे उभी करणं. जोरात वाजणारं वाद्य भिंतीकडे, गाणारा भोंग्याजवळ. वेळ साधारण तीन मिनिटं. गौहर जान गाणं संपताना इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची, ते आज ऐकताना गंमत वाटते. पण कारण साधं होतं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कामगारांना कोणती तबकडी कुणाची हे कळायला हवं होतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला मेटाडेटा म्हणतो, तो तिनं गाण्यातच टाकून दिला होता.

त्या तीन मिनिटांनी आपल्याकडे काय केलं हे नाट्यसंगीतात दिसतं. रंगभूमीवर बालगंधर्वांचं पद 'वन्स मोअर' घेत घेत कितीही रंगायचं. तबकडीवर तेच पद आटोपशीर करावं लागलं. पुढच्या पिढ्यांनी ते पद तबकडीवरून पाठ केलं, म्हणजे यंत्राची मर्यादा हळूहळू गाण्याचा आकार झाली.

मग वीज आली, माइक आला आणि बोलपट आला. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीनं १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' काढला, तो पहिला मराठी बोलपट. १९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली. लॉ कॉलेज रस्त्यावर आज जिथे एफटीआयआय आहे, तोच प्रभातचा स्टुडिओ. आपण तिथून रोज स्कूटर दामटत जातो, पण पुण्यात 'टेक' या शब्दाला वजन आलं ते त्या आवारात.

तेव्हाच्या बोलपटात पार्श्वगायन नव्हतं. ती पद्धत १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'धूपछाँव'पासून रुळू लागली. त्याआधी नट कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करता प्रत्यक्ष गायचा आणि पेटी-तबलावाले चौकटीबाहेर लपून साथ करायचे. माइक चित्रात दिसता कामा नये, कॅमेऱ्याची घरघर ऐकू येता कामा नये आणि तबल्यानं गाणं बुडवता कामा नये. एकाचं चुकलं की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आजच्या भाषेत सगळा प्रॉडक्शन सर्व्हरवरचा लाइव्ह डिप्लॉय, अनडू नाही.

हे सांभाळणारा माणूस किती महत्त्वाचा होता बघा. प्रभातच्या पाच संस्थापकांपैकी विष्णुपंत दामले यांच्याकडे ध्वनिमुद्रणाची बाजू होती. त्याच दामल्यांनी एस. फत्तेलाल यांच्याबरोबर 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. १९३६ चा हा चित्रपट १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात जगातल्या उत्तम तीन चित्रपटांत निवडला गेला. काचेमागे हेडफोन लावून बसलेला माणूस फक्त बटणं फिरवतो असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हे उदाहरण देतो. १९३७ च्या 'कुंकू'मध्ये तर व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीतच वापरलं नाही, घरातल्या आणि आजूबाजूच्या आवाजांवर प्रसंग उभे केले. काय ऐकवायचं नाही, हाही ध्वनीचा निर्णय असतो.

पुढचा टप्पा रेडिओचा. पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. दीड वर्षात, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, 'गीतरामायण' सुरू झालं. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. दर आठवड्याला एक नवं गाणं, एकूण ५६. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे गायक त्यात गायले. पहिल्या गाण्याचा कागद ऐन रेकॉर्डिंगच्या दिवशी हरवला आणि लाडांनी माडगूळकरांना खोलीत बसवून कडी लावली, मग त्यांनी पंधरा मिनिटांत गाणं पुन्हा लिहून दिलं, ही गोष्ट पुणेकरांनी हजारदा ऐकलीय. मला त्या गोष्टीत प्रतिभेपेक्षा मुदत जास्त दिसते. आमच्याकडे दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला लोक कुरकुरतात. इथे एका आठवड्यात शब्द, चाल, तालीम, रेकॉर्डिंग, प्रसारण. आणि तेही वर्षभर.

जगातही तेच चालू होतं. बीटल्सच्या पहिल्या अल्बममधली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात रेकॉर्ड झाली, जवळपास स्टेजवर वाजवावीत तशी. चारच वर्षांनी, १९६७ मध्ये, त्याच बँडनं 'सार्जंट पेपर' करायला महिने घेतले. मधल्या काळात स्टुडिओ वापरायची रीत बदलली होती. टेपवर चार समांतर ट्रॅक होते. एकावर ड्रम, दुसऱ्यावर आवाज. मग ते एकत्र करून जागा रिकामी करायची आणि पुन्हा भर घालायची. "एकेकानं" हे उत्तर तिथून जोर धरू लागलं.

आपल्याकडे बँडपर्यंत ही चैन पोचायला बराच वेळ लागला. मल्टिट्रॅक स्टुडिओ चित्रपटांचे, तासाचे दर चित्रपटांचे. मधल्या काळात स्वातंत्र्य आणलं ते कॅसेटनं. तबकडी छापायला कारखाना लागायचा, कॅसेट मात्र लहान जागेतही भरता यायची. कर्वे रस्त्यावरचं अलूरकर म्युझिक हाऊस ज्यांना आठवतं त्यांना कळेल: दुकान तेच आणि कंपनीही तीच. कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटं मिळायची, म्हणजे ख्यालाला हातपाय पसरता आले. 'इंडी' हा शब्द आपल्याकडे यायच्या आधी पुण्यात इंडी लेबल होतं, फक्त त्यावर गिटार नव्हती.

गिटारवाल्यांचे दिवस लॅपटॉपबरोबर आले. २०१० च्या डिसेंबरमध्ये एनएच७ वीकेंडर पुण्यात पहिल्यांदा झालं आणि स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडसमोर तिकीट काढून आलेली गर्दी दिसली. अग्नीसारखा पुण्याचा बँड तोवर देशभर पोचला होता. पुढे ताडीवाला रस्त्यावरच्या वस्तीतून एमसी स्टॅन आला आणि २०२० मध्ये त्याचा 'तडीपार' आला, तेव्हा रेकॉर्डिंग ही कोथरूड-कोरेगाव पार्कची मक्तेदारी उरली नव्हती. एक लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, एक बरा माइक. ट्रॅक हवे तितके.

आणि इथेच घोळ सुरू होतो.

आमची खोली बारा बाय चौदा. भिंतींना रॉकवूलच्या जाड गाद्या लावल्यात. अंड्यांच्या ट्रेनं आवाज अडत नाही, हे दर महिन्याला कुणाला तरी समजावतो. आवाज अडवायला वजन लागतं, ट्रेला वजन नसतं. जुलै उजाडला की नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू होतो आणि संध्याकाळची शिफ्ट बंद. या खोलीत चौघांनी एकत्र वाजवलं तर ड्रम गायकाच्या माइकमध्ये घुसतो. एकदा घुसला की तो काढता येत नाही, म्हणजे नंतर गायकाची एक ओळ बदलायची तर ड्रमही बदलतो. म्हणून बहुतेक बँड एकेकानं वाजवायचं ठरवतात. आधी कानात मेट्रोनोम लावून ड्रम, मग बास, गिटार, शेवटी गाणं.

फायदा असा की प्रत्येक निर्णय पुढे ढकलता येतो. तोटाही तोच.

२०२२ च्या पावसाळ्यात एक बँड आला होता. पाच मराठी गाणी, शब्द चांगले, ड्रमर तर फारच चांगला. पहिल्या दिवशी आम्ही नुसत्या अंदाजासाठी सगळ्यांना एकत्र वाजवायला लावलं आणि खोलीच्या मधोमध दोन माइक ठेवून ते पकडलं. मग खरं काम सुरू झालं. ड्रमचे चाळीस टेक. गिटारचा टोन तीनदा बदलला. फाइलच्या नावात 'फायनल' हा शब्द चौथ्यांदा आला, तोवर ड्रमर एमएस करायला जर्मनीला गेला होता. गायकाला आपला आवाज आवडेनासा झाला. दीड वर्षानं त्यांनी पुन्हा सेशन उघडायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या गिटारवाल्यानं वापरलेल्या प्लगइनचं लायसन्स संपलेलं होतं आणि त्याच्याकडची डिस्क वाचलीच जात नव्हती. ९२ ट्रॅकपैकी अर्धे मुके.

उरली ती पहिल्या दिवसाची फाइल. दोन माइक, चार माणसं, तिसऱ्या कडव्यात बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न. आम्ही ती लावली. ड्रमर व्हिडिओ कॉलवर होता. गाणं संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग गायक म्हणाला, "हेच टाकू." तसंच टाकलं, हॉर्नसकट. बँड आता नाही. गाणं आहे.

टिकणं ही वेगळी मेहनत असते, हे याच शहरानं मोठी किंमत देऊन शिकलंय. ८ जानेवारी २००३ ला एफटीआयआयच्या आवारातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या गोदामाला आग लागली आणि नायट्रेट फिल्मची हजारो रिळं जळाली. प्रभातची रिळंही त्यात होती. तरी 'संत तुकाराम' आज तुम्ही फोनवर पाहू शकता, कारण प्रती दुसऱ्या जागी, दुसऱ्या स्वरूपात होत्या. कंपनी असली की प्रती ठेवायला निदान कुणाची तरी नोकरी असते. स्वतंत्र बँडचा संग्रहपालही बँडच, आणि चौघांनाही वाटतं की बाकीच्या तिघांपैकी कुणाकडे तरी असेल.

त्यामुळे हल्ली त्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी एकत्र, मग वेगवेगळे. पहिला तास एकत्र वाजवा. ते मी साध्या वेव्ह फाइलमध्ये ठेवतो, कुठल्याही प्लगइनशिवाय, आणि निघायच्या आधी चौघांच्याही फोनवर टाकतो. टेकच्या शेवटी प्रत्येकानं माइकवर आपलं नाव, वाद्य आणि तारीख सांगायची. पोरं हसतात, कुणी रेडिओ निवेदकाचा आवाज काढतो. काढू दे. त्यानंतर चाळीस टेक घ्या, ब्याण्णव ट्रॅक भरा, टोन बदला. वेळ आहे तोवर सगळं करा.

मागच्या शनिवारी आलेल्या बँडमधल्या बासवालीनं नाव सांगितलं, तारीख सांगितली आणि वर म्हणाली, "बाहेर पाऊस पडतोय." फाइलमध्ये तोही ऐकू येतो.