आधी तळ, मग तेल

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इजिप्तविषयी जे लिहून ठेवले, त्यात डासांवर एक छोटा परिच्छेद आहे. नाईलच्या दलदलीपासून वरच्या भागात राहणारे लोक रात्री उंच मनोऱ्यांवर चढून झोपतात, कारण वाऱ्यामुळे डासांना तेवढ्या उंचीवर उडता येत नाही. दलदलीतच राहणाऱ्यांची रीत वेगळी. दिवसा ज्या जाळ्याने ते मासे धरतात, तेच रात्री अंथरुणाभोवती लावतात आणि त्याच्या आत निजतात. अंगावर कापड लपेटून झोपले तर डास त्यातून चावतात, जाळ्याच्या वाटेला मात्र जात नाहीत, असे तो सांगतो. मासेमारीच्या जाळ्यातून डास सहज आत शिरेल, ही वाचकाच्या मनात येणारी शंका रास्त आहे. जाळे किती बारीक होते, त्याचे किती पदर घालत, हे तो लिहीत नाही. पण मनोऱ्याबद्दलचे त्याचे निरीक्षण आजच्या कीटकशास्त्रालाही मान्य होईल. डास उडण्यात दुबळा असतो, वाहत्या वाऱ्यात त्याला अंगावर नीट उतरता येत नाही. आपल्याकडे पीक राखायला शेतात माळा घालतात तो पाखरांवर आणि रानडुकरांवर नजर ठेवण्यासाठी. पण त्यावर रात्र काढणाऱ्याला हा वारा आपसूक मिळतो. उघड्यावर झोपणाऱ्या माणसाने चावऱ्या किड्यांपासून स्वतःला कसे वाचवले, हा इतिहास बहुधा औषधांचा आणि मलमांचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो प्रथम तळाचा इतिहास आहे: जागा कोणती निवडली, दिवेलागणीनंतर कोण कसे वागले आणि ठरलेली रीत सगळ्यांनी पाळली की नाही, यांचा.

जागेचे महत्त्व आपल्या पूर्वजांच्याही लक्षात आले होते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात डासांचे पाच प्रकार दिले आहेत. त्यांतल्या दोघांची नावे थेट ठिकाणावरून पडली आहेत, सामुद्र आणि पार्वतीय. आणि पार्वतीय डासाचा दंश प्राणघातक किड्यांच्या दंशासारखा मानला आहे. डासामुळे हिवताप होतो हे तेव्हा माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे या नोंदीत आजचे विज्ञान शोधू नये. मात्र अमुक प्रदेशातला डास अधिक वाईट, एवढे त्या निरीक्षकांनी नक्की हेरले होते. पुढचा दुवा जुळायला २० ऑगस्ट १८९७ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीची वाढ दिसली. तीन वर्षांनी, १९०० च्या उन्हाळ्यात, रॉस यांचे गुरू पॅट्रिक मॅन्सन यांनी एक साधा आणि धाडसी प्रयोग घडवून आणला. रोमजवळचा ओस्तियाचा पाणथळ प्रदेश हिवतापासाठी कुप्रसिद्ध होता. तिथे दारे-खिडक्यांना जाळी लावलेली लाकडी झोपडी उभारून लुई सँबोन आणि जॉर्ज लो हे दोन डॉक्टर त्या हंगामभर राहिले. दिवसा ते मोकळे हिंडत, तिथलेच पाणी पीत, भिजत, त्या भागाची ‘दूषित’ समजली जाणारी हवा घेत. क्विनीनची एक मात्राही त्यांनी घेतली नाही. पथ्य एकच होते: सूर्यास्ताआधी आत जायचे आणि सूर्य उगवेपर्यंत बाहेर पडायचे नाही. आसपासचे लोक तापाने फणफणत असताना या दोघांना हिवताप झाला नाही. त्यांना वाचवणाऱ्या गोष्टी दोनच, जाळी आणि घड्याळ.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेशाच्या आघाडीवर सापडतो. या सैन्यात भारतीय जवान बहुसंख्य होते, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीही होत्या. जनरल विल्यम स्लिम यांनी १९४३ मध्ये चौदाव्या आर्मीची सूत्रे हाती घेतली, तेव्हा जखमी म्हणून मागे धाडलेल्या एका सैनिकामागे १२० सैनिक आजारी म्हणून मागे जात होते. वर्षभरात एकूण सैन्याच्या ८४ टक्के इतके जण हिवतापाने पडत होते. हे आकडे स्लिम यांनीच युद्धानंतरच्या आपल्या ग्रंथात दिले आहेत. हिवतापाचा रोगी शेकडो मैल मागे, भारतातल्या रुग्णालयात जाई आणि अनेक महिने परतत नसे. स्लिम यांनी आघाडीच्या पाठीशी, काही मैलांवर, तंबूंतच उपचारपथके बसवली. अर्ध्या विजारी बंद झाल्या. सूर्यास्तापूर्वी बाह्या खाली उतरवणे आणि पूर्ण लांबीची विजार घालणे सक्तीचे झाले. हिवताप रोखणारी मेपॅक्रीनची गोळी रोज घ्यायची होती. पण तिने कातडी पिवळी पडे आणि पौरुष जाते अशी अफवाही पसरली होती, म्हणून अनेक जण ती गिळतच नसत. मग एखाद्या पलटणीतल्या प्रत्येक जवानाची अचानक तपासणी होऊ लागली. शरीरात औषध सापडणाऱ्यांचे प्रमाण ९५ टक्क्यांपेक्षा कमी भरले, तर अधिकाऱ्याला पदावरून दूर करायचे. असे तीनच अधिकारी काढावे लागले, तेवढ्याने बाकीचे समजले. १९४५ पर्यंत रोजच्या आजारपणाचे प्रमाण हजारी एकवर आले.

यावर कोणी म्हणेल, हा तर औषधाचाच विजय झाला. मेपॅक्रीन नसती आणि पुढे डीडीटीची फवारणी आली नसती, तर बाह्या उतरवून काय साधले असते? हा आक्षेप हलका नाही. ऑस्ट्रेलियात केर्न्स येथे नील हॅमिल्टन फेअरली यांनी युद्धकाळातच स्वयंसेवकांना रोगवाहक डास चाववून घेतले, त्यांना श्रमवले, थकवले, आणि रोज नेमाने गोळी घेणाऱ्याला हिवताप दबवून ठेवता येतो हे दाखवले. औषधाची ताकद मी नाकारत नाही. पण फेअरली यांचा प्रयोग नीट वाचला तर तो माझ्याच बाजूने बोलतो. गोळी निकामी आहे अशी ओरड आघाडीवर होत होती, तेव्हा गोळी चांगलीच होती; ती पोटात जात नव्हती. तेच रसायन एका तळावर निरुपयोगी ठरले आणि दुसऱ्या तळावर गुणकारी. फरक पाडला तो तळाने. डीडीटीचे म्हणाल तर ती या आघाडीवर उशिरा पोहोचली, आणि तोवर शिस्तीची घडी बसलेली होती. दुसरा आक्षेप असा की हे सारे लष्करात चालते, जिथे हुकूम सुटतो आणि नोकरी जाण्याची धास्ती असते. साध्या माणसावर कोण सक्ती करणार? त्याचे उत्तर दलदलीतल्या त्या कोळ्यांकडे आहे. त्यांच्यावर कोणी सेनापती नव्हता. रोज संध्याकाळी जाळे लावणे ही त्यांची वहिवाट होती, आणि वहिवाटीला पहारेकरी लागत नाही.

अंगाला लावायच्या रसायनांचा इतिहास याच लष्करी तळांतून निघाला आहे. डायमिथाइल थॅलेट हे तेल युद्धात कातडीवर चोळले गेले. झुडपी तापाच्या सूक्ष्म किड्यांपासून बचावासाठी डायब्युटाइल थॅलेट गणवेशात मुरवले गेले. आज जगभर वापरले जाणारे डीट हे १९४६ मध्ये अमेरिकी लष्करासाठी तयार झाले आणि १९५७ पासून बाजारात आले. ही उपयोगी द्रव्ये आहेत, मात्र ती घामाने धुतली जातात, काही तासांत उडून जातात, आणि न लावलेली जागा किडा शोधून काढतोच. धुराचेही तसेच. कडुलिंबाचा पाला आणि गोवरी धुमसत ठेवून गोठ्यातले डास पांगवण्याची रीत जुनी आणि समजूतदार आहे. पण सह्याद्रीतल्या एखाद्या गडावर, जिथे कड्याला आग्या मोहोळे लटकलेली असतात, तिथे पेटवलेली तीच चूल माश्यांना उठवते आणि सगळ्या गटाच्या जिवावर बेतू शकते. अत्तराचा किंवा सुगंधी फवाऱ्याचा वासही त्यांना डिवचतो. गोठ्यात जे रक्षण करते ते कड्याखाली संकट ओढवते. वस्तूचे गुण जागेपासून तोडून पाहणे म्हणून मला चुकीचे वाटते. आणि धरणाच्या काठाशी, अगदी पाण्याला चिकटून तंबूंच्या रांगा लावून मग प्रत्येकाच्या हाती मलमाची नळी देणाऱ्या आजच्या व्यवस्थेबद्दल मला काळजी वाटते ती याच कारणाने.

हा प्रश्न केवळ हौसेने रानात राहणाऱ्यांचा नाही. कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये आढळलेला, गोचिडीतून पसरणारा माकडताप पुढे गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. त्याचा हंगाम आणि काजूचा हंगाम एकच. बागेत बिया वेचायला वाकलेल्या, पाला गोळा करणाऱ्या, सरपणाला जाणाऱ्या माणसाच्या पायावर गोचीड चढते, आणि त्याला ती जागा सोडून जाता येत नाही, कारण पोट तिथेच आहे. म्हणून तळ बदलता येत नसेल तिथे रीत तरी बदलली पाहिजे. जाण्याआधी हातापायांना कीटकरोधक तेल, अंगभर कपडे, पाल्यावर न बसणे, मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवणे, परतल्यावर कपडे गरम पाण्यात धुणे आणि गरम पाण्याने अंघोळ करून अंगावर गोचीड आहे का ते पाहणे, हा क्रम तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघर सांगितला आहे. सरकारने तेलाची बाटली वेळेवर द्यावीच. पण काजूबागेच्या मालकाने मजुरांसाठी दिवसअखेर गरम पाण्याचा हंडा आणि कपडे बदलायला आडोसा ठेवला, तर त्या बाटलीचे काम पुरे होईल. माकडतापाचा हंगाम सुरू व्हायच्या, म्हणजे डिसेंबर उजाडायच्या आत एवढे प्रत्येक बागेत व्हावे.