गाठीपासून जनुकांपर्यंत : सातारा-सांगली परिसरातील जंतुसंसर्ग-निदानाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

साथींच्या इतिहासात मृत्युसंख्या आणि शासकीय उपाययोजना यांची नोंद विपुल आढळते; निदानाचा इतिहास मात्र तुलनेने उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः एखाद्या व्यक्तीस जंतुसंसर्ग झाला आहे, हे कोणी व कोणत्या पुराव्यावर ठरवले, यावरच तिचे भवितव्य अवलंबून असते. रुग्णाच्या रक्तातील जनुकांची अभिव्यक्ती मोजून जंतुसंसर्ग व सेप्सिस ओळखणाऱ्या चाचण्या एकविसाव्या शतकात विकसित झाल्या आहेत. सातारा व सांगली परिसराच्या सव्वाशे वर्षांच्या अनुभवाच्या प्रकाशात या चाचण्यांचे मूल्यमापन करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे विभाजन झाले आणि दक्षिण साताऱ्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे या दोन जिल्ह्यांचा एकत्रित विचार इतिहासदृष्ट्या उचित ठरतो.

१. प्लेग : लक्षणांवरून निदान

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे येर्सिन यांनी शोधून काढला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. त्यानंतरच्या काही वर्षांत रोग रेल्वेमार्गाने व व्यापारी पेठांतून सातारा जिल्ह्यात आणि कृष्णाकाठच्या संस्थानांत पसरला. जंतू ज्ञात असला तरी गावपातळीवर निदान होत असे ते ताप आणि काखेतील वा जांघेतील गाठ पाहूनच. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला. त्याने शासनास व्यापक अधिकार दिले आणि केवळ बाह्य लक्षणांच्या आधारे माणसांना घरातून हलवणे, विलग करणे शक्य झाले. पुण्यात या कारवाईतून उसळलेल्या असंतोषाची परिणती २२ जून १८९७ च्या रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी १० मार्च रोजी, सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना त्याच रोगाने मृत्यू पावल्या. निदान संदिग्ध असले की त्याची किंमत रुग्णास व समाजास मोजावी लागते, हा या कालखंडाचा धडा होय.

२. विडाल व ट्यूबरक्युलिन : शरीराची साक्ष

ज्या वर्षी मुंबईत प्लेग आला, त्याच वर्षी म्हणजे १८९६ मध्ये, फ्रान्समध्ये फर्नांद विडाल यांनी विषमज्वराची रक्तचाचणी प्रसिद्ध केली. या चाचणीत जंतूचा शोध घेतला जात नाही. जंतूविरुद्ध शरीराने निर्माण केलेल्या प्रतिपिंडांचा शोध घेतला जातो. १९०७-०८ मध्ये पिर्के व मांतू यांनी रूढ केलेली ट्यूबरक्युलिनची त्वचाचाचणीही याच तत्त्वावर आधारलेली आहे. म्हणजे 'कोणता जंतू आहे?' याऐवजी 'शरीर काय उत्तर देते?' हा प्रश्न नवा नाही.

मिरज येथे डॉ. विल्यम जेम्स वॉन्लेस यांच्या पुढाकाराने १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल व १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली. पुढे वानलेसवाडी येथे क्षयरुग्णालय उभे राहिले. स्वातंत्र्योत्तर काळात मिरज येथे १९६२ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आणि कराड येथे १९८४ मध्ये कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. या संस्थांमुळे सूक्ष्मदर्शक आणि जंतुसंवर्धन यांवर आधारलेले निदान या परिसरात रुजले.

शरीराच्या साक्षीवर विसंबणाऱ्या दोन्ही चाचण्यांची मर्यादा भारतीय परिस्थितीत लवकरच स्पष्ट झाली. विषमज्वर जेथे कायम वास करतो, तेथे निरोगी माणसाच्या रक्तातही पूर्वीच्या संसर्गामुळे किंवा लसीमुळे प्रतिपिंडे आढळतात. म्हणून स्थानिक लोकांतील सर्वसाधारण पातळी ठरवल्याखेरीज विडाल चाचणीच्या आकड्याला अर्थ प्राप्त होत नाही. ट्यूबरक्युलिनचेही तसेच. ज्या समाजात असंख्य प्रौढांच्या शरीरात क्षयाचा सुप्त संसर्ग असतो आणि बीसीजी लस सर्रास दिली जाते, तेथे चाचणी सकारात्मक आल्याने सक्रिय क्षय सिद्ध होत नाही. असे असूनही विडाल चाचणीचा एकच अहवाल पाहून प्रतिजैविके देण्याची प्रथा दीर्घकाळ टिकून राहिली.

३. जनुक-अभिव्यक्तीचे तत्त्व

सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादामुळे अवयवांचे कार्य धोकादायकरीत्या बिघडणे, अशी व्याख्या २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने निश्चित केली. २०१७ मध्ये जगभरात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण आणि १ कोटी १० लाख मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातील जंतू वाढवून ओळखण्यास एक ते तीन दिवस लागतात आणि सेप्सिसच्या अनेक रुग्णांत जंतू सापडतच नाही. उपचारास मात्र तासांचा विलंबही घातक ठरतो.

शरीरातील बहुतेक पेशींत जनुके समान असली तरी कोणती जनुके किती कार्यरत आहेत हे परिस्थितीनुसार बदलते. विषाणू शिरताच पांढऱ्या पेशींत इंटरफेरॉनशी निगडित जनुके जागृत होतात. जिवाणुसंसर्गात वेगळा जनुकसमूह सक्रिय होतो. या जनुकांपासून तयार होणाऱ्या संदेशवाहक आरएनएचे प्रमाण मोजून संसर्ग आहे काय, तो जिवाणूचा की विषाणूचा आणि रुग्ण कितपत गंभीर आहे, याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये चार जनुकांवर आधारित सेप्टिसाइट लॅब, २०२१ मध्ये सुमारे तासाभरात निष्कर्ष देणारी सेप्टिसाइट रॅपिड आणि जानेवारी २०२५ मध्ये २९ संदेशवाहक आरएनए अर्ध्या तासात मोजणारी ट्रायव्हेरिटी या चाचण्यांना परवानगी दिली.

या तंत्राचा पाया सातारा-सांगलीस अपरिचित नाही. मार्च २०२० मध्ये तेव्हाच्या इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण आढळले, तेव्हा आरटी-पीसीआर हा शब्द घरोघरी पोहोचला. त्या चाचणीत घशातील विषाणूचा आरएनए शोधला जात होता. जनुक-अभिव्यक्ती चाचणीत रुग्णाचा स्वतःचा आरएनए मोजला जातो. क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमामुळे सीबीनॅट व ट्रूनॅट यंत्रेही जिल्हापातळीवर परिचित झाली आहेत.

४. स्थानिक प्रमाणीकरणाचा प्रश्न

तथापि यंत्र उपलब्ध होणे आणि निष्कर्ष विश्वसनीय असणे या भिन्न गोष्टी आहेत. आरंभीचे बरेचसे जनुकसंच पाश्चात्त्य देशांतील रुग्णांच्या नमुन्यांवर बेतलेले होते. तेथील जिवाणुसंसर्ग प्रामुख्याने पेशीबाहेर वाढणाऱ्या जिवाणूंचे असतात. विषमज्वर व स्क्रब टायफस यांचे जिवाणू मात्र पेशीच्या आत वाढतात आणि त्यांना शरीर देत असलेला प्रतिसाद काही अंशी विषाणुसंसर्गासारखा भासतो. परिणामी जिवाणूचा रुग्ण विषाणूचा ठरवला जाऊन आवश्यक प्रतिजैविकापासून वंचित राहण्याचा धोका संभवतो. ही उणीव ओळखून स्टॅनफर्ड विद्यापीठातील पूर्वेश खत्री यांच्या गटाने २०२२ मध्ये आठ जनुकांचा सुधारित संच मांडला आणि नेपाळ व लाओस येथील रुग्णांवर त्याची पडताळणी केली. ऊसतोडीच्या हंगामात स्थलांतर करणारे मजूर, डोंगराळ पाटण-जावळीतील शेतकरी, दुष्काळी जत-आटपाडीतील पशुपालक यांच्या तापांची कारणे एकसारखी असतील असे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच मिरज, सांगली, सातारा व कराड येथील रुग्णालयांतून अशी पडताळणी होणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष

प्लेगच्या काळी गाठ पाहून, पुढे प्रतिपिंडे मोजून आणि आता जनुकांची अभिव्यक्ती मोजून शरीराची साक्ष घेण्याचा प्रयत्न होत आला आहे. साक्ष अधिकाधिक सूक्ष्म होत गेली. परंतु ती कोणत्या समाजाच्या प्रमाणावर पारखली आहे, हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर कायम राहिला. विडाल चाचणीच्या बाबतीत त्याकडे दुर्लक्ष झाल्याने अनावश्यक औषधोपचाराची सवय जडली. सेप्सिसमध्ये तशीच चूक प्राणघातक ठरू शकते. नव्या चाचणीचे स्वागत करताना तिचे प्रमाणीकरण कृष्णाकाठच्या रुग्णांवर करण्याची जबाबदारी याच परिसरातील वैद्यकीय व शैक्षणिक संस्थांची आहे. इतिहासाचा कौल तरी असाच आहे.