पिशवी मुकादम काढत नाही

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयांविषयी एक मत आता सर्वमान्य झाले आहे. पाळीत काम बुडाले की खाडा पडतो, खाड्याचा दंड कापला जातो, म्हणून टोळीचा मुकादम पिशवी काढायला लावतो आणि बाई ती काढून येते. २०१९ मध्ये देशभरच्या वर्तमानपत्रांनी हेच छापले आणि भाषणांतून आजही हेच ऐकू येते. हे मत खोटे नाही, पण अर्धे आहे. रोगाचे निदान अर्धे झाले तर औषध भलत्याच जागी लागते, आणि इथे नेमके तेच घडत आहे.

आधी या मताचे बळ मान्य करू. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नसते. कोपीला न्हाणी नाही, जवळ संडास नाही, पाळीचा कपडा वाळवायला आडोसा नाही. पहाटे अंधारात तोडणी सुरू होते आणि मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे असते. अशा जिण्यात दर महिन्याचा रक्तस्राव कायमचा थांबावा असे कोणाही बाईला वाटेल. जिल्ह्यातल्या चौसाळ्याच्या परिसरातून, सगळ्या बालाघाटावरून, दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात तेव्हा हे ओझे सोबत असतेच.

आता आकड्यांकडे वळू. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे दर सहा जणींत एकीचे. २०१९ मध्येच विधान परिषदेत सरकारने वेगळा आकडा दिला : तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ शस्त्रक्रिया, आणि त्यांतल्या अनेक स्त्रिया ऊसतोडीतल्या नाहीत. हा दुसरा आकडा पुढे करून काहींनी पहिल्याला अतिशयोक्त ठरवले. तो आक्षेप टिकत नाही. पहिला आकडा आयुष्यभराची बेरीज सांगतो, दुसरा तीन वर्षांतली भर. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. उलट, दुसऱ्या आकड्यातून निघणारा अर्थ अधिक गंभीर आहे. ज्या बाया ऊस तोडत नाहीत, ज्यांच्या डोक्यावर मुकादम नाही, त्यांचीही गर्भाशये निघत आहेत.

राज्याबाहेर पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत गर्भाशय काढलेल्यांचे प्रमाण देशात ३.२ टक्के होते. आंध्र प्रदेशात ते ८.९ टक्के आणि तेलंगणात ७.७ टक्के, म्हणजे महाराष्ट्राच्या कितीतरी पुढे. राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यातून, बिहार आणि छत्तीसगडमधून अशाच तक्रारी उठल्या. डॉ. नरेंद्र गुप्ता यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना अमलात आणायला सांगितले. दौशात ना उसाचा फड, ना कोयत्याची उचल. मग या सगळ्या ठिकाणी समान काय? राष्ट्रीय पाहणीनुसार देशातल्या अशा दर तीन शस्त्रक्रियांपैकी सुमारे दोन खासगी रुग्णालयांत झाल्या. समान आहे तो दवाखाना.

यावर डॉक्टर मंडळींचे उत्तर ठरलेले असते : बायाच मागणी करतात. करतातही. पण अपेंडिक्स काढा म्हणून कोणी मागितले तर शल्यविशारद तपासल्याशिवाय सुरी उचलतो का? शस्त्रक्रियेचे कारण केसपेपरवर मुकादम लिहीत नाही, ते डॉक्टर लिहितो. आणि ही मागणी जिथे तयार होते ती खोली जरा जवळून पाहू. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट आणि कंबर दुखते, एवढी तक्रार घेऊन तिशीतली बाई येते. तपासणीच्या टेबलावर तिला घेतलेच जाईल याची खात्री नाही, पण सोनोग्राफी मात्र हमखास होते. कागदावर ‘बल्की युटेरस’ असे शब्द येतात. तीन-चार बाळंतपणे झालेल्या बाईचे गर्भाशय थोडे मोठे असणे स्वाभाविक आहे, हे तिला कोणी सांगत नाही. ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ हे मात्र सांगितले जाते. पांढरे जाण्याचे कारण बहुधा जंतुसंसर्ग असते आणि तो औषधाने बरा होतो. जास्त रक्तस्रावावर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या आहेत, संप्रेरक सोडणारी कॉपर-टीसारखी साधने आहेत. शस्त्रक्रिया ही शेवटची पायरी. आपल्याकडे बाईला पहिल्याच पायरीवर ती दाखवली जाते.

कॅन्सरची भीती दाखवणाऱ्यांना तर उत्तर चौसाळ्याच्या शेजारीच मिळते. इथून दक्षिणेला निघालेला महामार्ग धाराशिव जिल्ह्यात शिरतो. त्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय त्यात होते. निष्कर्ष २००९ मध्ये जगापुढे आला : एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. ज्यांच्यात पूर्वलक्षणे दिसली त्यांच्यावर गर्भाशयमुखापुरते छोटे उपचार झाले. जगभरच्या तपासणी धोरणांना आधार देणारे हे ज्ञान आपल्या बायांच्या सहभागातून उभे राहिले, आणि त्यांच्याच शेजारणींना आज न तपासता कॅन्सरचे भय दाखवले जाते. याहून मोठा अन्याय कोणता?

सर्वमान्य मताने आणखी एक गोष्ट झाकली गेली आहे, ती म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य. पाहण्यांनी किती पिशव्या निघाल्या ते मोजले, पण चर्चा तिथेच थांबली. गर्भाशय काढल्यावर साधारण सहा आठवडे जड उचलायचे नसते. मोळी उचलणे हेच जिचे काम, तिने ते कसे पाळायचे? अंडाशयेही काढली असतील तर ऐन तरुणपणी हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. उपचारानंतरचे आयुष्यही मोजता येते. जपानने २००० साली पक्षाघात, मांडीचे हाड मोडणे अशा त्रासांच्या रुग्णांसाठी पुनर्वसनाचे स्वतंत्र कक्ष सुरू केले. तिथे रुग्ण स्वतः जेवतो का, चालतो का, कपडे घालतो का, याची गुणांनी नोंद होते, आणि पुढे रुग्णालयाला मिळणारा मोबदलाही तिच्याशी जोडला गेला. आजार वेगळे आहेत, पण घेण्यासारखे तत्त्व एकच आहे : उपचाराचे यश माणूस पुन्हा जगायला किती समर्थ झाला यावर मोजायचे. बीडच्या बायांबाबत असे मोजमाप झाले पाहिजे.

जिल्ह्यात आता खासगी रुग्णालयाला गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. नियम योग्य आहे, पण परवानगी शस्त्रक्रिया अडवते, पांढरे जाणे थांबवत नाही. तक्रार घेऊन आलेल्या बाईला गावाजवळ उपचार मिळाला नाही तर ती दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन पिशवी काढून येईल. म्हणून खरा उपाय प्रशिक्षणात आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातला प्रत्येक वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका आतून तपासणी, गर्भाशयमुखाची व्हिनेगरची चाचणी आणि संसर्गाचे उपचार स्वतःच्या हाताने करण्याइतके तयार हवेत. जिल्ह्यातच अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या शिकाऊ डॉक्टरांनी टोळ्या निघण्यापूर्वी गावोगाव हे काम करावे, यापरते चांगले शिक्षण दुसरे नाही.

मुकादमाला जाब विचाराच. खाड्याचा दंड बंद झाला पाहिजे, फडावर न्हाणी आणि संडास झाले पाहिजेत. पण शस्त्रक्रियेचा जाब ज्याने ती केली त्याच्याकडेच मागितला पाहिजे. आणि बायांना एवढेच सांगणे : कोणी पिशवी काढायला सांगितले तर आधी आतून तपासणी मागा, कारण लिहून मागा आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय होकार देऊ नका.